शिक्का मारलेलं पान

१

सोमवारी सकाळी नाझेलीनं काचेच्या कपाटाचा खालचा खण उघडला. भरतकामाचे टेबलक्लॉथ होते, इस्टरच्या मेणबत्त्या होत्या, सासूबाईंच्या लग्नातले चांदीचे चमचे होते. पासपोर्ट नव्हता.

तिनं अख्खा खण बाहेर ओढला आणि जमिनीवर पालथा केला. कपाटामागे हात घालून पाहिला. मग उठली आणि आमच्याकडे फोन लावला.

"गारेगिन काका, मावशीला द्या." आवाजात रडू नव्हतं. "माझा पासपोर्ट चोरीला गेलाय. हरवला नाही, चोरीला गेलाय."

माझी बायको सातेनिक येरेवानला सरकारी वकिलांच्या कचेरीत तपास अधिकारी होती. अमेरिकेत, ग्लेंडेलला येऊन आम्हाला जमाना झाला, पण इथल्या आर्मेनियन मंडळींनी तिला काही निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाची कानातली गेली, कुणाच्या भावाभावांत फाटलं, की फोन आमच्याच घरी. तिला गाडी चालवता येत नाही. शिकण्याची गरजच पडली नाही, कारण मी आहे. हयातभर लोकांचे दात काढले, आता बायकोला पोचवतो.

"गारेगिन, गाडी काढ," ती म्हणाली. "आणि आधी मिशी पूस. मुरंबा लागलाय."

वाटेत तिनं मला सगळं नीट सांगितलं, म्हणजे स्वतःशीच उजळणी केली. आर्मेनियातल्या ग्युम्री गावची नाझेली आणि इथला मेरुझान यांचं लग्न झालं, पण बायकोचा व्हिसा येईपर्यंत वर्ष उलटलं. उन्हाळा सरताना ती आली. विमानतळावर अधिकाऱ्यानं व्हिसाच्या पानावर शिक्का मारला. कायम राहण्याचं कार्ड पोस्टानं यायचं होतं, ते अजून आलेलं नव्हतं. आणि एवढ्यात तिकडे तिच्या वडिलांच्या हृदयाची नळी बंद झाली. मान्वेल दगडावर नक्षी कोरणारा माणूस, डोकंही दगडाचंच. डॉक्टरांना म्हणाला, थोरली आल्याशिवाय माझ्या छातीला सुरी लावायची नाही. शुक्रवारी ऑपरेशन ठरलं होतं. नाझेलीचं विमान उद्या, मंगळवारी संध्याकाळी.

"नवा पासपोर्ट मिळेल," सातेनिक म्हणाली. "पण ते शिक्क्याचं पान पुन्हा मिळवायला महिने जातील. तोवर बाप थांबेल?"

 सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आठवलं, म्हणून म्हणालो, "काल संध्याकाळी तालिनचा फोन होता. मंगळवारी दुपारी चर्चच्या जेवणासाठी द्राक्षाची पानं भरायला येते म्हणाली. तुला सांगायचं राहिलं."

"तुझं नेहमीचंच," सातेनिक म्हणाली.

तालिन म्हणजे मेरुझानची थोरली बहीण. त्याच अंगणात मागच्या घरात राहते.

दारात नाझेली उभी होती. केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"चांदीला हात लावलेला नाही," तिनं सांगितलं. "कुलूप तुटलेलं नाही. चोर बाहेरचा नाही, मावशी. आणि मला तो आज संध्याकाळच्या आत हवाय."

सातेनिकनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला ही नजर माहीत आहे. माणूस पसंत पडला की ती अशी बघते.

"मिळेल," ती म्हणाली. "आधी कॉफी टाक."

२

सासूबाई वार्सेनिक सोफ्यावर आडव्या होत्या. कपाळावर ओला रुमाल.

"सातेनिक जान, मी म्हटलं होतं," त्यांनी रुमाल न काढताच सुरुवात केली. "साऱ्या गल्लीला विचार. कार्ड हातात येऊ दे, मग जा म्हटलं होतं. परत येऊ दिलं नाही तर? माझा मुलगा पुन्हा वर्षभर रिकाम्या पलंगाकडे बघत बसेल!"

"पासपोर्ट तू घेतलास?"

रुमाल गळून पडला. "मी?"

"विचारलं फक्त. झोप."

मग स्वयंपाकघरात बसून सातेनिकनं नाझेलीकडून रविवारची हकिकत काढून घेतली. निरोपाचं जेवण होतं. घरची माणसं आणि बाहेरचे एकटे ओनिक मामा, वार्सेनिकचे मावसभाऊ. या मामांचं तोंड म्हणजे अपशकुनाची खाण. पहिला घास घेतल्यापासून त्यांनी सुरू केलं होतं.

"म्हणाले, कार्डाशिवाय देश सोडायचा म्हणजे शिडी काढून घेतल्यावर गच्चीवरून उतरायचं," नाझेली सांगत होती. "त्यांच्या ओळखीच्या कुणाची तरी बायको म्हणे मॉस्कोला अडकली. आई रडायला लागल्या. मग तालिनताई चिडल्या. म्हणाल्या, मामा, तुम्ही कधी काही वाचता का? शिक्का मारलेलं पान म्हणजेच वर्षभर कार्ड. मी सांगतेय ना!"

आमच्याकडे तालिन असं म्हणाली की विषय संपतो. हायस्कूलात इतिहास शिकवते, आणि निम्म्या गल्लीची सरकारी कामं तीच करते. नाझेलीच्या व्हिसाचे सगळे कागद तिनेच केले. वकील करू या का, असं मेरुझाननं विचारलं तेव्हा वार्सेनिक म्हणाल्या होत्या, घरात तालिन असताना वकील कशाला?

"आणि मग?"

"मग मामा म्हणाले, दाखव तुझा तो शिक्का. मी पासपोर्ट आणला. ताई आत कॉफी करत होत्या. मामांनी चष्मा आणला नव्हता, पासपोर्ट उलटा धरून मान हलवली. आईंना इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. मेरुझाननं फक्त माझा फोटो बघितला, म्हणाला इथे हसली का नाहीस. परत खणात ठेवला."

"तो शेवटचा बघितलास?"

"नाही. मेरुझान बेकरीत गेल्यावर मी तिकिटाचा कागद पासपोर्टमध्ये घालून ठेवला. तो शेवटचा. मग आई आणि मी पलीकडच्या बाईंचा निरोप घ्यायला गेलो. ताई भांडी घासत होत्या."

"त्या वेळात कुणी आलं?"

नाझेलीनं ओठ घट्ट मिटले. "ओनिक मामा. नर्दीचा, म्हणजे फासे-सोंगट्यांचा पट विसरले होते, तो घ्यायला."

ओनिकना फोन गेला. ते आले ते भांडणाच्या तयारीनंच.

"मी चोर? साठ वर्षं मान वर करून जगलो! माझा पट घ्यायला आलो होतो, पट! अक्रोडाचा आहे, बापानं केलेला!"

"घरात आला होतास?"

"पट व्हरांड्यातच होता. तालिननं दार उघडलं, मी घेतला आणि गेलो. विचारा तिला." मग खुर्ची ओढून बसले आणि समोरच्या बशीतला गाताचा, गोड पावाचा तुकडा उचलला. "तसं एका अर्थी बरंच झालं. मी जाऊ नको म्हटलं होतं. आता जाणार नाही. देवाची इच्छा."

"ओनिक, देवाला चोरीत ओढू नकोस," सातेनिक म्हणाली. "त्याला इंग्रजी वाचता येतं."

मला हसू आलं. नाझेलीला आलं नाही. ती खिडकीतून बाहेर अंगणातल्या तेंदूफळांच्या झाडाकडे बघत होती.

तेवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं. रात्रपाळी करून झोपलेला मेरुझान उंबऱ्यात उभा होता, केसांत अजून पीठ.

"कुणाला काही विचारू नका," तो म्हणाला. "पासपोर्ट मी घेतला."

३

 नाझेलीच्या हातातला पेला तिनं फार हळू खाली ठेवला.

"का?" तिनं विचारलं.

"तू परत येशील की नाही, कळेना. तिकडे तुझी माणसं, तुझं गाव. इथे काय, मी रात्रभर लवाशच्या रोट्या भाजतो आणि दिवसा घोरतो. काल कामावर जाताना घेतला. बेकरीमागच्या कचऱ्यात टाकला."

"खोटं!" सोफ्यावरून किंकाळी आली. वार्सेनिक रुमालासकट उठल्या. "खोटं बोलतोय माझं लेकरू! मी घेतला! मी जाळला! मला न्या, काय करायचं ते करा!"

ओनिक मामांचा घास तोंडातच राहिला. एका पासपोर्टाला दोन चोर त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. मीही नाही.

सातेनिकनं मात्र शांतपणे कॉफीचा घोट घेतला.

"मेरुझान, पासपोर्टमध्ये काय होतं?"

"काय असणार? व्हिसा. शिक्का."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"तू गेल्यावर तुझ्या बायकोनं त्यात तिकिटाचा कागद घातला. म्हणजे तू गेलास तेव्हा पासपोर्ट खणात होता. बस खाली." मग ती वळली. "वार्सेनिक, कशावर जाळलास?"

"गॅसवर!"

"तुझ्याकडे गॅस कुठाय? गेल्या वर्षी काचेची विजेची शेगडी घेतलीस. तिच्यावर दूध उतू गेलं तर तू आठवडाभर सुतक पाळतेस. तू तिच्यावर प्लास्टिकच्या वेष्टनाचा पासपोर्ट जाळणार?"

वार्सेनिकनी रुमाल पुन्हा कपाळावर धरला.

"तुला वाटलं मुलानं घेतला," सातेनिक म्हणाली. "आणि तुला वाटलं आईनं. दोघांनी एकमेकांना वाचवायला माझी कॉफी थंड केली."

आई आणि मुलगा एकमेकांकडे बघत राहिले. मग वार्सेनिक मुलाला बिलगून खऱ्या रडल्या.

नाझेली मात्र नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चोरी खोटी. पण ते जे बोललास, मी परत येणार नाही म्हणून? तेही खोटं?"

मेरुझाननं मान खाली घातली. "ते... थोडं खरं."

"मग ते मला सांगायचं होतंस. मला, सगळ्या गावासमोर नाही." तिचा आवाज एकदाच हलला. "तू माझी वर्षभर वाट पाहिलीस तेव्हा मी विचारलं का, दुसरी बघितलीस म्हणून? मी बापाला बघायला चाललेय. तुला सोडायला नाही."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, पण लगेच सोडलाही. अजून पासपोर्ट सापडायचा होता.

"म्हणजे उरले कोण?" ओनिक मामा हळूच म्हणाले, आणि सगळे आपल्याकडे बघतायत हे कळल्यावर त्यांनी बशी पुढे सरकवली.

४

शाळा सुटल्यावर तालिन आली. खांद्याला पुस्तकांची जाड पिशवी, डोळे तांबारलेले. आल्या आल्या तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला, भावाला पाणी दिलं, आणि मग सातेनिकसमोर येऊन बसली. ही मुलगी अशीच. साऱ्या घराचं आधी, मग स्वतःचं.

"ओनिक मामा काल पुन्हा आले तेव्हा घरात शिरले होते?" सातेनिकनं विचारलं.

"नाही, मावशी. व्हरांड्यातूनच गेले. मी दारात उभी होते."

मामांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की कॉफीच्या बशीतली साखर उडाली.

"तू पासपोर्ट बघितला होतास?"

"मी? मी तर स्वयंपाकघरात होते. माझ्यापर्यंत आलाच नाही."

"बरं. आता काय करावं, तुला काय वाटतं?"

तालिननं चष्मा काढून पुसला. "घर धुंडाळण्यात दिवस घालवू नये असं वाटतं. तिकीट पुढे ढकलू. मान्वेल काकांना मी स्वतः फोनवर समजावते. पासपोर्ट कुठेतरी निघेलच. तेवढ्यात कार्डही येईल. पंधरा तारखेच्या आत आलं की प्रश्नच मिटला."

"बाबा माझंच ऐकत नाहीत, तुमचं ऐकणार?" नाझेली म्हणाली. "आणि ताई, काल तर तुम्हीच म्हणत होतात, बिनधास्त जा!"

"काल पासपोर्ट होता," तालिन म्हणाली.

"उद्या हिला विमानतळावर कोण नेणार होतं?" सातेनिकनं मध्येच विचारलं.

"तालिन," वार्सेनिक म्हणाल्या. "शाळेतून अर्धी रजा काढणार होती. दुपारीच निघायचं होतं. लॉस एंजेलिसची वाहतूक तुला माहीत नाही का?"

सातेनिक उठली. "गारेगिन, जरा अंगणात ये. नाझेली, तूही. फोन घेऊन ये."

झाडाखाली तिनं नाझेलीला विचारलं, "व्हिसा मिळाला त्या दिवशी पानाचा फोटो काढला होतास?"

"काढला होता. मेरुझानला पाठवायला."

"दाखव."

पडद्यावर पान उघडलं. अजून शिक्का न पडलेलं, कोरं करकरीत. सातेनिकनं बोटांनी ते मोठं केलं, आधी एका कोपऱ्यात, मग तळाच्या बारीक ओळीवर. बराच वेळ वाचलं.

"विमानतळावरचा शिक्का कुठे पडला होता?"

"खालीच. त्या ओळीवर. शाई पसरली होती, मी म्हटलं सुद्धा मेरुझानला, की काय हे, वाचता येत नाही."

सातेनिकनं फोन परत दिला आणि माझ्याकडे वळली. "कालचा तालिनचा फोन कधी आला होता?"

"दिवेलागणीला. का?"

"पासपोर्ट नाही हे घरात कधी कळलं?"

"आज सकाळी," मी म्हणालो. आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी खटकन पडलं. किडक्या दातावर हत्यार लागावं तसं. "अगं, पण मंगळवारी दुपारी तर ती..."

"गप्प. आत चल," सातेनिक म्हणाली. "आणि नाझेली जान, आत काहीही झालं तरी लगेच बोलू नकोस."

५

सगळे बसले होते. सातेनिक उभीच राहिली.

"मी कुणाच्या खोल्यांची झडती घेणार नाही," ती म्हणाली. "मी तुम्हाला फक्त एक पान वाचून दाखवणार आहे. या व्हिसावर एक मुदत छापलीय. या महिन्याची पंधरा तारीख. नाझेली महिनाअखेरीला परतणार. म्हणजे जो कुणी ही तारीख वाचेल त्याच्या छातीत धस्स होईल. त्याला वाटेल, मुलगी तिकडे असतानाच व्हिसा संपतोय, ही परत येऊच शकणार नाही."

वार्सेनिकनी छातीवर क्रूस काढला. ओनिक मामा विजयानं सरसावले. "मी म्हटलं नव्हतं..."

"तू गप्प बस. ती तारीख पहिल्यांदा आत येण्याची आहे. तोवर दार वाजवायचं. हिनं वाजवलं, दार उघडलं, ही आत आली. तारखेचं काम संपलं. आता चालतो तो शिक्का, आत आल्याच्या दिवसापासून वर्षभर. ते त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय. शिक्का बसला की हे पान वर्षभर कायम रहिवासाचा पुरावा. पण शिक्क्याची शाई नेमकी त्या ओळीवर पसरली. ज्यानं काल हे पान उघडलं त्याला तारीख दिसली, ओळ दिसली नाही."

 बाहेरच्या कोरड्या वाऱ्यानं जाळीचं दार वाजत होतं.

"ती ओळ नाझेलीच्या फोनमध्ये आहे. कुणाला वाचायची असेल त्यानं वाचावी."

नाझेलीनं फोन टेबलावर ठेवला. कुणीच हात पुढे केला नाही. मग तालिन वाकली. तिनं फोन उचलला, चष्म्याजवळ धरला. ओठ हलले. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं, आणि परत चढलं.

तिनं फोन ठेवला. पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यात हात घातला आणि पासपोर्ट बाहेर काढला. तिकिटाचा कागद अजून त्यातच होता.

"तालिन?" वार्सेनिक अर्धवट उठल्या. "तू?"

"दिवसभर शाळेत जवळ घेऊन फिरत होते," तालिन म्हणाली. "घरी ठेवायचा धीर झाला नाही. फेकायचा तर मुळीच नाही."

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?" मेरुझाननं विचारलं.

सातेनिक आता बसली. "सगळे म्हणत होते, हिनं जाऊ नये असं कुणाला वाटतं ते शोधा. तसं तर तुझ्या आईला वाटत होतं, ओनिकला वाटत होतं, तुला मनातून वाटत होतं. तुम्ही रविवारी जे होता तेच आज आहात. मी शोधलं, मधल्या वेळात बदललं कोण? तालिन रविवारी जेवताना म्हणत होती बिनधास्त जा, आज म्हणते तिकीट पुढे ढकला. बरं, पासपोर्ट गेला म्हणून मत बदललं म्हणावं, तर काल दिवेलागणीला तिनं गारेगिनला सांगितलं की मंगळवारी दुपारी पानं भरायला येते. मंगळवारी दुपारी ती विमानतळाच्या वाटेवर असायला हवी होती. चोरी कुणाला माहीतही नव्हती तेव्हाच तिला माहीत होतं की उद्या कुणी कुठे जात नाही."

"आणि पंधरा तारीख," मी न राहवून म्हणालो.

"हो, ते गारेगिनला आत्ता समजलं." हसले फक्त ओनिक मामा. "पासपोर्ट माझ्यापर्यंत आलाच नाही म्हणाली, आणि त्यात छापलेली तारीख तिच्या तोंडी होती. बाकी कुणी ती वाचलेली नव्हती. पण एक सांगते. ओनिक आयता सापडला होता. घरात शिरला होता, एवढं ती बोलली असती तर सगळं त्याच्या गळ्यात पडलं असतं. बोलली नाही. चोरी केली, पण दुसऱ्याच्या माथी मारली नाही."

तालिननं मान वर केली. ती नाझेलीकडे बघत बोलू लागली, बाकी कुणाकडे नाही.

"भांडी घासून झाली, आणि मला वाटलं, एकदा डोळ्यांनी बघू. मामांशी इतकी भांडले होते. उघडलं, आणि ती तारीख. माझ्या पायाखालची जमीन गेली. मीच तुला जा म्हटलं. माझ्याच भरवशावर वकील केला नाही. तू तिकडे अडकलीस तर ते माझ्यामुळे. रात्री मी इंटरनेटवर वाचत बसले, पण जितकं वाचलं तितकं काहीच खरं वाटेना. एकदा स्वतःवरचा विश्वास उडाला की छापलेलंही खोटं वाटतं."

"मग सांगायचं होतंस ना, बये!" वार्सेनिक ओरडल्या. "चुकलं म्हणायचं होतंस!"

"कुणाला, आई? या घरात मी कधी चुकले तर काय करायचं, हे कुणाला माहीत आहे?"

वार्सेनिकनी लेकीकडे पाहिलं.  त्या उठल्या, लेकीशेजारी जाऊन बसल्या आणि तिचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं, लहान मुलीचं घ्यावं तसं.

"आणि शेवटी तुझंच बरोबर होतं, वेडे," त्या पुटपुटल्या. "बरोबर असून चोरी केलीस."

आता सगळे नाझेलीकडे बघत होते. तिनं पासपोर्ट उचलला, पान उघडून पाहिलं, मिटला.

"ताई, माझ्या बाबांना काही झालं असतं, तर मी तुम्हाला आयुष्यात माफ केलं नसतं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

"माहीत आहे."

"बरं. मग उद्या दुपारी गाडी तुम्हीच काढायची. ठरल्याप्रमाणे. मला दुसऱ्या कुणाबरोबर जायचं नाही. वाटेत दोन तास आहेत, तेवढ्यात मी तुमच्यावर पोटभर चिडून घेईन. विमानात बसताना मला मन मोकळं हवंय."

"आणि पानं कोण भरणार?" ओनिक मामांनी विचारलं.

"तुम्ही," सातेनिक म्हणाली.

६

शुक्रवारी मान्वेलच्या छातीला सुरी लागली. त्याआधी त्यानं डॉक्टरांना दहा मिनिटं थांबवून मुलीला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, बारीक झालीस, तिकडे पाव मिळत नाही का? शुद्धीवर आल्यावरही पहिला प्रश्न तोच. नाझेलीनं फोन त्याच्या कानाशी धरला, आणि इकडून मेरुझाननं सासऱ्याला रात्रपाळीतल्या सगळ्या भट्ट्यांचा हिशोब दिला. तीन आठवडे ती तिथे राहिली. बापाला जिना चढायला लावलं, शिव्या खाल्ल्या, आणि परत निघाली.

महिनाअखेरीच्या त्या दुपारी आम्ही सगळे विमानतळावर होतो. विमान उतरलं. माणसं बाहेर येऊ लागली, मग विरळ झाली, मग थांबली. नाझेली नाही.

तिचा एक संदेश आला, आत एका खोलीत बसवलंय, एवढाच. मग फोन बंद.

वार्सेनिक जपमाळ ओढू लागल्या. मेरुझान दाराशी जाऊन उभा राहिला, पहारेकऱ्यानं मागे सारलं, पुन्हा गेला. ओनिक मामांनी तोंड उघडलं, सातेनिककडे पाहिलं, आणि मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मनातलं मनात ठेवलं.

मी तालिनकडे पाहत होतो. ती खांबाला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

"घाबरली नाहीस?" मी विचारलं.

"घाबरलेय, काका," ती म्हणाली. "हात बघा, थंड पडलेत. पण नियम मला माहीत आहे. ती येणार."

आणि ती आली. सामानाच्या ढकलगाडीवर दोन बॅगा, वर वडिलांनी कोरलेल्या लालसर दगडाचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मेरुझान अडथळ्यावरून उडी मारून गेला. पहारेकऱ्यानं या वेळी दुसरीकडे बघितलं.

"काय झालं? का बसवलं? काय विचारलं?" सगळे एकदम ओरडलो.

"काही नाही. शाईमुळे ओळ दिसेना, म्हणून साहेबांनी संगणकात बघितलं. गर्दी होती, नंबर यायला वेळ लागला." ती थकली होती, डोळे मात्र लखलखत होते. "मग पासपोर्ट परत दिला आणि म्हणाले, घरी आलात, स्वागत आहे."

"मग तू काय म्हणालीस?" वार्सेनिकनी विचारलं.

"मी आभार मानले," नाझेली म्हणाली. "पहिल्यांदा आले होते ना, तेव्हाचा अधिकारीही असंच म्हणाला होता. तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणतोय म्हणून."